रेड कार्डाचा वेग मोजायचा तो डिस्क गेलेल्या दिवशी

लहान ऑफिससाठी सर्व्हर घ्यायचं ठरतं, सप्लायरचं कोटेशन येतं आणि त्यातल्या एका ओळीवर गाडी अडते: रेड कंट्रोलर कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड. पहिला पर्याय मदरबोर्डावरच असतो, म्हणजे वेगळे पैसे नाहीत. दुसरं कार्ड स्वस्त, पण त्यावर कॅशे, म्हणजे तात्पुरत्या साठवणीची मेमरी, नाही. तिसऱ्यावर कॅशे आहे, बॅटरी आहे आणि किंमत पाहून मालक विचारतो, “याची खरंच गरज आहे का?” तेव्हा बहुतेक वेळा खोक्यावरचा आकडा पुढे केला जातो. सेकंदाला १२ गीगाबिट. दुसऱ्याच्या खोक्यावर ६ असतात, म्हणजे हे दुप्पट वेगवान.

बहारीनमध्ये मनामाच्या माहूज भागात आणि शेजारच्या अदलिया, जुफेरमध्ये एखाद-दोन फ्लॅटमध्ये किंवा एका मजल्यावर मावणारी ऑफिसं, दवाखाने, सल्लागार कंपन्या पुष्कळ आहेत. आखाताच्या या भागात अशा ऑफिसांचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांत मराठी माणसंही आहेत. त्यांना आणि नाशिक-कोल्हापुरात हेच काम करणाऱ्यांना एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सर्व्हरमध्ये हार्ड डिस्क असतील तर खोक्यावरचा तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. कार्डाची तुलना करायची ती तीन प्रसंगांत: बारीकसारीक नोंदींचा मारा होतो तेव्हा, वीज जाते तेव्हा आणि एक डिस्क निकामी होऊनही काम चालू ठेवायचं असतं तेव्हा.

मूळ कल्पना अपयशाची होती

रेडची कल्पना ज्या निबंधामुळे जगभर रुजली तो १९८८ सालचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी तो लिहिला. एकीकडे आयबीएमची ३३८० ही साडेसात गीगाबाइटची अवजड, महागडी डिस्क होती आणि दुसरीकडे वैयक्तिक संगणकांसाठी बनलेली कॉनर कंपनीची १०० मेगाबाइटची छोटी डिस्क. एका मोठ्या डिस्कऐवजी अशा अनेक छोट्या डिस्क एकत्र जोडल्या तर खर्च कमी होईल आणि सगळ्या एकाच वेळी काम करत असल्याने वेगही वाढेल, असा त्यांचा विचार होता.

अडचणही त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर १०० डिस्कच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत होणार. म्हणजे दोन आठवडेही धड नाहीत. म्हणून जादा माहिती साठवून बिघाड पचवण्याचे पाच प्रकार त्यांनी सुचवले आणि ‘रेड १’ ते ‘रेड ५’ ही नावं रूढ झाली. डिस्क जाणार हे गृहीत धरूनच ही रचना जन्माला आली. असं असताना तिची पारख सगळ्या डिस्क ठणठणीत असताना करणं मुळातच अपुरं आहे.

आधी बेरीज-वजाबाकी

कार्डांकडे वळण्याआधी डिस्कचा हिशेब करून घेऊ. उदाहरणादाखल माहूजमधला एक लहान दंतचिकित्सेचा दवाखाना घ्या. सर्व्हरमध्ये ८ टेराबाइटच्या आठ हार्ड डिस्क आहेत. त्यावर एक्स-रेच्या मोठ्या फाइली आहेत आणि अपॉइंटमेंट, बिलं, औषधं यांचा डेटाबेसही.

मोठी फाइल सलग वाचताना एक डिस्क सेकंदाला साधारण २०० मेगाबाइट देते. आठ मिळून १,६०० झाले. कार्ड मदरबोर्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या आठ लेनमधून सेकंदाला ७,८०० मेगाबाइटच्या आसपास जाऊ शकतात. दुसऱ्या पिढीतूनसुद्धा ४,०००. म्हणजे दुसऱ्या पिढीच्या जुन्या कार्डाचा रस्ताही अर्ध्याहून अधिक रिकामा राहतो. दवाखान्याचा नेटवर्क स्विच एक गीगाबिटचा असेल तर डॉक्टरांच्या संगणकापर्यंत सेकंदाला जेमतेम ११५ मेगाबाइट पोहोचतात. तेवढं तर एकटी डिस्क देते. इथे ६ आणि १२ गीगाबिटचा फरक कुणाला जाणवणार?

खरी कसोटी डेटाबेसची. बिलाची एक नोंद काही किलोबाइटची असते आणि ती डिस्कवर कुठेही असू शकते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी डोकं योग्य मार्गावर न्यायला आणखी साडेआठ. एका नोंदीला पावणेतेरा मिलिसेकंद लागले, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ८० कामं. आठ डिस्क मिळून ६४०.

आता लिहिण्याचा दंड पाहा. रेड ५ मध्ये पॅरिटी नावाची जादा माहिती असते. एका डिस्कवर १०११ आणि दुसरीवर ०११० असेल, तर दोन्हींतले बिट जिथे वेगळे तिथे १ आणि सारखे तिथे ० मांडून ११०१ ही पॅरिटी येते. दुसरी डिस्क गेली तर १०११ आणि ११०१ यांच्यावर तीच क्रिया केली की हरवलेलं ०११० परत मिळतं. सुरेख युक्ती आहे, पण तिची किंमत मोजावी लागते. एक छोटी नोंद बदलायची तर जुनी नोंद वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवी नोंद लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका कामाची चार कामं होतात. नंतर आलेल्या रेड ६ मध्ये दोन प्रकारच्या पॅरिटी असल्याने सहा होतात. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात आणि जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तेच लिहायचं, म्हणजे दोनच.

दर दहा कामांत सात वाचण्याची आणि तीन लिहिण्याची धरली, तर आपल्या आठ डिस्कमधून रेड १० मध्ये सेकंदाला सुमारे ४९० कामं निघतात, रेड ५ मध्ये ३३७ आणि रेड ६ मध्ये २५६. कॅशेची मदत सोडली, तर फिरत्या तबकड्यांचा हा हिशेब कोणतंही कार्ड बदलू शकत नाही. दोन कार्डांची तुलना करताना एक रेड १० वर आणि दुसरं रेड ६ वर चालवलं, तर तुलना रेडच्या प्रकारांची झाली. कार्डं बाजूलाच राहिली.

कार्ड नेमकं काय देतं

मग महागड्या कार्डात काय असतं? मुख्यतः कॅशे आणि ती जपणारी सोय. डेल कंपनीच्या एच३३० कार्डावर कॅशे नाही, एच७३० वर १ गीगाबाइट आहे, एच७३०पी वर २ आणि एच७४०पी वर ८. गंमत म्हणजे एच७३० आणि मेगारेड ९३६१-८आय ही वेगळ्या नावांनी विकली जाणारी कार्डं एकाच चिपवर उभी आहेत. मेगारेड बनवणारी एलएसआय २०१४ मध्ये अवागो कंपनीने घेतली आणि अवागोने २०१६ मध्ये ब्रॉडकॉम विकत घेऊन तेच नाव धारण केलं. तिकडे अडॅप्टेकचा कार्डांचा व्यवसाय पीएमसी-सिएरा, मायक्रोसेमी असं करत २०१८ मध्ये मायक्रोचिपकडे आला. सर्व्हर कुणाचाही असो, आतलं कार्ड बहुतेक वेळा या दोन घराण्यांपैकी एकातलं निघतं. म्हणून ब्रँडच्या नावापेक्षा चिप कोणती, कॅशे किती आणि फर्मवेअर कोणतं, हे विचारावं.

कॅशे दोन पद्धतींनी चालते. राइट-थ्रूमध्ये नोंद डिस्कवर उतरल्यावरच कार्ड ‘झालं’ म्हणतं. राइट-बॅकमध्ये नोंद कॅशेत आली की लगेच ‘झालं’ म्हणतं आणि डिस्कवर सवडीने उतरवतं. डेटाबेसला पावणेतेरा मिलिसेकंद थांबावं लागत नाही. उत्तर मिलिसेकंदाच्या अंशात येतं. शिवाय शेजारच्या नोंदी एकत्र करून कार्ड त्या एका दमात लिहितं. सगळ्या डिस्कवर एकदम लिहायला मिळालं तर जुनं वाचण्याचा दंडही टळतो. दवाखान्यात सकाळी गर्दी असताना ‘सॉफ्टवेअर अडकतंय’ ही तक्रार कमी होते ती यामुळे.

पण डिस्कवर उतरण्याआधी वीज गेली तर? ‘झालं’ म्हटलेली नोंद हरवली. दुसरा धोका त्याहून छुपा आहे: नोंद लिहिली गेली, पॅरिटी लिहायची राहिली. संगणक चालू होतो, सगळं ठीक दिसतं आणि महिन्यांनी डिस्क गेल्यावर त्या चुकीच्या पॅरिटीतून चुकीची माहिती तयार होते. याला ‘राइट होल’ म्हणतात. त्यासाठी कार्डावर बॅटरी असते, किंवा नव्या कार्डांवर सुपरकपॅसिटर आणि फ्लॅश मेमरी. वीज गेली की कपॅसिटरमधल्या साठ्यावर कॅशेतला मजकूर फ्लॅशमध्ये उतरतो आणि वीज आल्यावर डिस्कवर जातो.

जुन्या बॅटरीवाल्या कार्डांची एक खोड माहीत असायला हवी. बॅटरीत किती दम उरला आहे हे पाहण्यासाठी कार्ड ठराविक दिवसांनी ती पूर्ण रिकामी करून पुन्हा भरतं. याला ‘लर्न सायकल’ म्हणतात. तेवढ्या काळात कॅशेचा भरवसा नसल्याने अनेक कार्डं आपणहून राइट-थ्रूवर जातात. डेटाबेस एकाएकी रांगायला लागतो, काही तासांनी पूर्ववत होतो आणि नेटवर्कवाल्यापासून सॉफ्टवेअरवाल्यापर्यंत सगळ्यांना फोन जातात. अशा वेळी आधी कार्डाची इव्हेंट लॉग उघडावी. लर्न सायकल चालू असल्याची नोंद तिथे वेळेसकट सापडते.

माहूजचं ऊन आणि शुक्रवार-शनिवार

कार्डाच्या माहितीपत्रकात वेगाखाली एक ओळ असते, ती सहसा कुणी वाचत नाही: हवेचा झोत. मेगारेड ९३६१ सारख्या कार्डाला मिनिटाला सुमारे २०० फूट वेगाने वाहणारी हवा लागते. रॅकमधल्या सर्व्हरचे घोंघावणारे पंखे ती देतात. टेबलाखाली ठेवलेल्या, मंद पंख्यांच्या टॉवरमध्ये ती मिळत नाही. तिथे कार्डाची चिप तापते, कधी कार्ड रीसेट होतं आणि एकदम दोन-तीन डिस्क ‘गेल्या’ असं दिसतं, जेव्हा प्रत्यक्षात एकही गेलेली नसते.

बहारीनमध्ये जुलै-ऑगस्टला पारा ४० अंशांच्या आसपास असतो आणि समुद्रावरून येणारा दमटपणा वेगळा. वायव्येकडून ‘शमाल’ वारा सुटला की बारीक धूळ पंख्यांत आणि जाळ्यांत जाऊन बसते. ऑफिसची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गुरुवारी संध्याकाळी शेवटचा माणूस एसी बंद करून जातो तो रविवारी सकाळीच परततो. बंद काचेच्या खोलीत, कपाटात ठेवलेला सर्व्हर मात्र चालूच असतो. लिथियम बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते आणि ती नापास झाली की कार्ड कायमचं राइट-थ्रूवर जातं. कॅशेसाठी मोजलेले सगळे पैसे पाण्यात, तेही कुणाला न कळता. म्हणून इथे सुपरकपॅसिटरवालं कार्ड बॅटरीवाल्यापेक्षा सरस. सर्व्हरच्या खोलीचा एसी ऑफिसच्या एसीपासून वेगळा ठेवावा आणि कार्डाच्या चिपचं तापमान महिन्यातून एकदा तरी वाचावं.

डिस्क जाते तेव्हा

आता मुख्य प्रसंग. आठ डिस्कच्या रेड ५ मधली एक गेली. तिच्यावरची कोणतीही नोंद वाचायची तर उरलेल्या सातही डिस्क वाचून ती नव्याने बांधावी लागते. वाचण्याची कामं तिथल्या तिथे वाढतात. त्यात नवी डिस्क घातली की रीबिल्ड, म्हणजे तिच्यावर सगळं पुन्हा भरणं, सुरू होतं. ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला सरासरी १८० मेगाबाइटने भरली तरी सव्वाबारा तास लागतात, आणि हा आकडा दुसरं काहीही काम चालू नसतानाचा. मेगारेड कार्डांत रीबिल्डचा हिस्सा मुळात ३० टक्क्यांवर ठेवलेला असतो. तो वाढवला तर दवाखाना अडखळतो, तसाच ठेवला तर गर्दीच्या दिवशी रीबिल्ड लांबतं आणि तेवढा काळ दुसऱ्या डिस्कचा धोका डोक्यावर राहतो. रेड १० मध्ये फक्त जोडीदार डिस्कची नक्कल करायची असते, बाकीच्या सहांना फारसा त्रास नाही.

रेड ५ च्या रीबिल्डमध्ये सात डिस्क, म्हणजे ५६ टेराबाइट, अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात. साध्या डेस्कटॉप डिस्कच्या माहितीपत्रकात साडेबारा टेराबाइट वाचनामागे एखादा न वाचता येणारा भाग निघू शकतो अशी मर्यादा दिलेली असते. सर्व्हरसाठीच्या डिस्कला १२५ टेराबाइटमागे. प्रत्यक्षात डिस्क पुष्कळदा यापेक्षा बऱ्या निघतात, पण रुग्णांच्या नोंदी त्या आशेवर सोडू नयेत. मोठ्या डिस्कसाठी रेड ५ टाळावं. रेड ६ किंवा रेड १० घ्यावं.

डिस्कची निवडही कार्डाइतकीच महत्त्वाची. वाचन अडलं की डेस्कटॉप डिस्क बराच वेळ स्वतःशी झगडत बसते. कार्डाचा संयम तेवढा नसतो, ते तिला मेलेली समजून बाहेर काढतं. सर्व्हरसाठीच्या डिस्क सुमारे सात सेकंदांत हार मानून कार्डाला कळवतात. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलने मान्य केलं की ‘डब्ल्यूडी रेड’ (रेड म्हणजे लाल) या मालिकेतल्या काही डिस्कमध्ये एकावर एक चढणाऱ्या मार्गांचं ‘एसएमआर’ तंत्र वापरलं होतं. रोजच्या वापरात त्या ठीक वाटत, रीबिल्डमध्ये मात्र कित्येक पटींनी मंदावत. धडधाकट दिवशीचा वेग फसवा असतो, याचं हे ठळक उदाहरण.

कार्डाविना चालेल का?

मदरबोर्डावरच्या फुकट रेडमध्ये पॅरिटीचं काम मुख्य प्रोसेसर आणि ड्रायव्हरच करतात आणि जपलेली कॅशे नसते. त्यापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिमचंच उघड सॉफ्टवेअर रेड बरं. पॅरिटी काढायला खास चिप हवीच, हे आज खरं राहिलेलं नाही. लिनक्समध्ये रेड ६ चं मॉड्यूल चढताना कर्नल गणिताच्या वेगवेगळ्या पद्धती चालवून पाहतो आणि सर्वांत वेगवान पद्धत निवडतो. बूट लॉगमध्ये हे आकडे दिसतात आणि आजच्या प्रोसेसरवर ते सेकंदाला हजारो मेगाबाइटचे असतात, आपल्या आठ डिस्कच्या कितीतरी पुढे. सन कंपनीने २००५ मध्ये खुलं केलेलं झेडएफएस तर जुन्या जागेवर लिहीतच नाही आणि प्रत्येक तुकड्याची चेकसम तपासतं, त्यामुळे राइट होलचा प्रश्नच मिटतो. त्याला रेड कार्ड नको, डिस्क थेट दाखवणारं साधं एचबीए कार्ड हवं.

२०१९ मध्ये अॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने बहारीनमध्ये आपली मध्यपूर्वेतली पहिली डेटा सेंटरं सुरू केली. तेव्हापासून अनेकांना सगळं क्लाउडवर न्यावंसं वाटतं. पण पॅरिटीचा दंड तिथेही सुटत नाही. आपल्या क्लाउडमधल्या डिस्कवर रेड ५ आणि ६ वापरू नका, असं अॅमेझॉनच सांगतं.

कॅशेवालं कार्ड कुठे शोभतं? जिथे विंडोज सर्व्हर आहे, आयटीचा माणूस आठवड्यातून एकदाच येतो आणि डिस्क बदलायचं काम रिसेप्शनवरच्या कर्मचाऱ्यालाही जमलं पाहिजे. लाल दिवा लागलेली डिस्क ओढायची, नवी सरकवायची, बाकी कार्ड पाहील. मात्र कार्डच गेलं तर त्याच घराण्यातलं दुसरं हवं. ते लावल्यावर जुना संच ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ म्हणून दिसतो आणि तो इम्पोर्ट करायचा असतो. घाबरून नवा संच बनवायचा नसतो.

तुलना अशी करा

सर्व्हर हातात आला की त्यावर खरा डेटा चढवण्याआधी एक दिवस चाचणीला राखून ठेवा. फिओ हे मोफत साधन विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. ४ किलोबाइटचे विखुरलेले तुकडे, सात वाचन आणि तीन लेखन, निदान अर्धा तास. चाचणीची फाइल कॅशे आणि रॅम यांच्यापेक्षा कितीतरी मोठी असावी, नाहीतर मोजाल ती फक्त मेमरी. ही चाचणी चार वेळा करा: राइट-बॅकवर, राइट-थ्रूवर, एक डिस्क ओढून काढल्यावर आणि नवी घातल्यावर रीबिल्ड चालू असताना. सरासरीबरोबरच शंभरातल्या सर्वांत हळू कामाला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा. काउंटरवरच्या माणसाला आठवतं ते तेच काम. शेवटी रीबिल्डला लागलेले तास आणि चिपचं सर्वोच्च तापमान नोंदवा.

कार्ड कोणतंही घ्या, रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतं. बॅकअप वेगळ्या जागी हवाच.

पुढचं कोटेशन आलं की सप्लायरला खोक्यावरचा आकडा विचारू नका. हे विचारा: एक डिस्क गेल्यावर, ऑफिस चालू असताना, रीबिल्डला किती तास लागतात आणि त्या काळात बिल निघायला किती वेळ लागतो? ज्याच्याकडे हे दोन आकडे मोजून घेतलेले आहेत, त्याचंच कार्ड घ्या.